हरणी, मुरघास आणि तीनशे अठ्ठावीस भोकं

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मुरघास करायची कल्पना माझी होती, भोकं पाडायची नव्हती. सिल्वासात, आमलीतल्या आमच्या चाळीत आजकाल दोन्ही गोष्टी माझ्या नावावर सांगितल्या जातात. त्यातली दुसरी माझ्या पप्पांची आहे. हे एकदा कुठेतरी नीट लिहून ठेवायला हवं, म्हणून हा खटाटोप.

मी रोहिणी, नववी ब. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात फक्त "हजर" एवढंच बोलायची, आणि तेसुद्धा टीचरना दोनदा विचारावं लागायचं. मग एकदा बातम्या वाचणारी मुलगी आजारी पडली आणि विज्ञानाच्या नलिनी टीचरनी प्रार्थनेच्या वेळी मला माइकसमोर उभं केलं. मी वाचलं. माझा आवाज मैदानापलीकडच्या भिंतीवर आपटून परत आला, आणि खरं सांगते, मला तो फारच आवडला. तेव्हापासून मी गप्प बसलेली नाही. मम्मी म्हणते की त्या आजारी मुलीला एकदा भेटायचंय तिला. कशासाठी ते सांगत नाही.

हरणी ही माझ्या बायडाआत्याची म्हैस. नाव हरणी, पण दारातून आत येताना दार आधी मागे सरतं. आत्या पप्पांची मोठी बहीण. फुवा, म्हणजे आत्याचे यजमान, गेले तेव्हा पप्पा तिला अमळनेरकडच्या गावातून इथे घेऊन आले, तर ती टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी न बसता मागे हरणीजवळ बसून आली. चाळीत म्हैस बांधता येत नाही. तसा नियमही आहे आणि तशी जागाही नाही. म्हणून हरणी खेरडीला, बारकूदादा नावाच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात. आत्या रोज सकाळी शेअर रिक्षाने खेरडीला जाते आणि संध्याकाळी दुधाची किटली घेऊन परत येते. पप्पा राखोलीला धाग्याच्या कंपनीत जातात, तशी आत्या खेरडीला जाते. फक्त आत्याला रविवारची सुट्टी नसते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोकुळकाकांचा फोन आला. गोकुळकाका म्हणजे पप्पांचे धाकटे भाऊ, तिकडे गावाला असतात. पप्पा फोन स्पीकरवर ठेवून बोलतात, त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही राहत नाही.

"भाऊ, मागच्या उन्हाळ्यात म्हशीची काय दशा झाली होती, आठवतं ना? नुसता भाताचा पेंढा खाऊन बरगड्या मोजाव्यात अशी झालती. यंदा होळीला मी टेम्पो घेऊन येतो. हरणीला इकडेच नेतो. इकडे हिरवा चारा आहे."

पप्पा म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

आत्या भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, "हरणी जठे, मी तठे."

म्हणजे हरणी जाईल तिथे मी. मम्मीचा पळा वरणात तसाच राहिला. पप्पा म्हणाले, "अक्का, असं काय करतेस?" पण आत्या एकदा म्हणाली की म्हणाली. ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा "मी जिन्याने येणार नाही" म्हणाली होती, आणि खरंच दोन दिवस खाली वॉचमनच्या खोलीत राहिली होती.

आता माझं दुःख तुम्हाला कळावं म्हणून एक सांगते. आत्या माझ्या शेजारी झोपते. माझं प्रत्येक भाषण, पहिल्या "आदरणीय व्यासपीठ"पासून शेवटच्या "जय हिंद"पर्यंत, मांडीवर हात ठेवून ऐकणारी या जगात ती एकटी आहे. मम्मी दुसऱ्या वाक्याला उठून कुकर बघायला जाते. कुकर नसला तरी जाते.

म्हणून मी उभी राहिले आणि म्हणाले, "कोणी कुठे जाणार नाही. मी मुरघास करणार!"

मुरघास म्हणजे काय ते मला चार दिवसांपूर्वीच कळलं होतं. शाळेत पशुसंवर्धनवाल्यांचं एक पत्रक आलं होतं आणि ते मी प्रार्थनेत वाचून दाखवलं होतं. हिवाळ्यात मका पेरायचा, कणसात दुधाळ चीक भरला की कणसासकट कापायचा, बारीक कुट्टी करायची, हवाबंद पिशवीत दाबून दाबून भरायची, आणि पंचेचाळीस दिवस हात लावायचा नाही. चारा आंबून मुरतो, वर्षभर टिकतो, आणि ऐन उन्हाळ्यात जनावराला हिरव्या चाऱ्याची चव मिळते. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं.

आत्या म्हणाली, "म्हणजे लोणचं."

"लोणचं नाही आत्या. किण्वन."

"मीठ कितलं?"

"मीठ नसतं त्यात!"

"बिनमिठाचं लोणचं सडी जाई," आत्या म्हणाली आणि भाकरी उलटवली. मी हसले. शिकलेली माणसं हसतात तसं, थोडं एका बाजूने. त्या हसण्याचा हिशेब पुढे येणार आहे.

पप्पांनी मुदत दिली. होळीपर्यंत चारा तयार झाला आणि हरणीने तो खाल्ला, तर ती इथेच राहील. नाहीतर टेम्पो.

बारकूदादांचं भात निघालं होतं आणि पाच गुंठ्यांचा तुकडा रिकामा होता. कालव्याचं पाणी होतं. दादा म्हणाले, "घे पोरी, पेर. पण मका कोनासाठी, मानसांसाठी का ढोरांसाठी?"

"ढोरांसाठी."

"कनसं पन?"

"कणसंपण."

दादांनी डोक्यावरची टोपी काढली, आतून बघितली आणि परत घातली. त्यांना काही बोलायचं नसलं की ते असं करतात.

मका उगवला. मी दर रविवारी जाऊन त्याची उंची मोजायची आणि सोमवारी वर्गात जाहीर करायची, कोणी विचारलं नसलं तरी. पत्रक मी गोठ्याच्या दारावर डिंकाने पक्कं चिकटवून टाकलं आणि खालच्या कोपऱ्यात एक बारीक ओळ होती तिच्यावर जाड स्केचपेनने लिहिलं: "प्रकल्पप्रमुख – कु. रोहिणी सुकदेव पाटील".

जानेवारी आला आणि कणसं दिसायला लागली. इथे एक चूक मम्मीची झाली. तिने समोरच्या खोलीतल्या वासंतीकाकूंना सांगितलं की आमचा मका आता दुधात आलाय. वासंतीकाकूंनी ते नळावर सांगितलं. पुढच्या रविवारी मी खेरडीला पोचले तर शेताच्या बांधावर आमच्या चाळीतली अकरा माणसं, एक शेगडी, चिरलेली लिंबं आणि एक चटई! वासंतीकाकू कणीस फिरवत म्हणाल्या, "ये गं रोहिणी, तुझंच शेत! केवढी गोड कणसं आहेत!"

मी सगळ्यांना समजावलं की कणसातच सगळं पोषण आहे, कणसाशिवाय मुरघास म्हणजे नुसत्या काड्या. चटईवरच्या एकाने विचारलं, "म्हणजे ही कणसं म्हशीला?" मी हो म्हणाले. सगळ्यांनी हरणीकडे बघितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अकरा माणसांनी एकाच वेळी आपल्याला वाया गेलेलं समजणं ही काय चीज असते, ते मी त्या दिवशी अनुभवलं. कणसं त्यांनी खाल्लीच, पण यापुढे नाही खाणार असं वचन दिलं. वचन देताना प्रत्येकाच्या तोंडात दाणे होते.

त्यानंतर कुट्टीचं यंत्र. पाच गुंठे मका कोयत्याने बारीक करायचा तर माझी दहावी झाली असती. पशुसंवर्धनाच्या कार्यालयातून यंत्र चार दिवस वापरायला मिळतं असं कळलं, पण अर्जावर जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लागतो. हरणीच्या कानात पिवळा बिल्ला आहेच, गावाला असताना गोकुळकाकांनी मारून घेतलेला. मी मोठ्या ऐटीत नंबर सांगितला. खिडकीतल्या साहेबांनी तो टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाले, "तुमची म्हैस तर अमळनेर तालुक्यात आहे."

"नाही सर, खेरडीत आहे. आत्ता तिथूनच आले मी."

"कम्प्युटरमध्ये अमळनेरला दाखवतेय. मालक गोकुळ पाटील."

"पण ती खरंच—"

"बेटा, खरी म्हैस मी बघू शकत नाही ना इथून. मला जी दिसते तीच बघणार."

या पायरीवर आमच्या चाळीतले गजाननकाका पुढे सरसावले. गजाननकाका मूळचे रत्नागिरीकडचे, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, आणि फॉर्म दिसला की त्यांच्या चेहऱ्यावर जेवायला बसल्यासारखं समाधान येतं. ते म्हणाले, "घाबरू नकोस. म्हशीची बदली करून घेऊ, तुझ्या पप्पांच्या नावावर. माणसांच्या एवढ्या केल्या, एक म्हशीची."

बदलीसाठी मूळ मालकाच्या मोबाइलवर ओटीपी जातो. मूळ मालक गोकुळकाका, आणि त्यांच्या शेतात मेसेज येण्याएवढी रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर उभं राहिलं की येते. साहेबांनी ओटीपी पाठवला. आम्ही फोन केला. काका विहिरीकडे धावले. ओटीपी पोचला तेव्हा त्याची वेळ संपलेली. दुसरा पाठवला. तेव्हा काकांनी आकडे सांगितले ते आधीचेच. तिसऱ्या वेळी गजाननकाकांनी फोनवर ओरडून सांगितलं, "गोकुळराव, विहिरीवरून हलायचं नाही! साहेब, पाठवा!" रांगेतली माणसं श्वास रोखून बघत होती. आकडे आले. बरोबर निघाले. मागून एकाने टाळी वाजवली.

आत्या बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मनी म्हैस, आन् परवानगी फोनना?" म्हणजे म्हैस माझी आणि परवानगी फोनची.

मग फॉर्मात शेवटचा रकाना आला, स्थलांतराचं कारण. गजाननकाकांनी पेन झटकलं, चष्मा वर केला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: "नोकरीनिमित्त".

मी म्हणाले, "काका, ती म्हैस आहे."

"मग? सिल्वासात कोण दुसऱ्या कारणाने आलंय? तुझे पप्पा नोकरीनिमित्त, मी नोकरीनिमित्त, हे खिडकीतले साहेबही नोकरीनिमित्त. ती दूध देते की नाही? वेळेवर देते की नाही?"

साहेबांनी वाचलं आणि शिक्का मारला. हरणी आता अधिकृतपणे आमच्यासारखीच होती.

यंत्र मिळालं पंचवीस जानेवारीला. सव्वीसला सगळ्यांना सुट्टी, म्हणून कापणी तेव्हाच ठरली. मी शाळेत झेंडावंदनाचं भाषण उरकून पांढऱ्या गणवेशातच खेरडीला पोचले. बारकूदादा आणि त्यांच्या घरातले सगळे मका कापत होते, आत्या आणि मम्मी पेंढ्या आणत होत्या, गजाननकाका यंत्रापासून सुरक्षित अंतरावर उभे राहून सूचना करत होते. वासंतीकाकू आपण होऊन आल्या होत्या. कणसांची भरपाई म्हणून, असं त्याच म्हणाल्या.

आणि पिशव्या भरायचं काम होतं पप्पांकडे.

पप्पा कंपनीत पॅकिंगला आहेत. एकवीस वर्षं. पप्पांचं असं आहे की ते आमच्या डब्याची पोळीसुद्धा अशी गुंडाळतात की ती कलकत्त्याला पाठवली तरी पोचेल. कंपनीतून त्यांनी रीतसर गेटपास करून बाद झालेल्या जाड पिशव्या आणल्या होत्या. कुट्टी पिशवीत, वरून पायाने दाबणं, परत कुट्टी, परत दाबणं, तोंड पिळून सुतळीने गाठ. गाठीवर स्टिकर. स्टिकरवर लॉट नंबर, तारीख, वजन आणि "तपासले – सु. पाटील". संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस पिशव्या गोठ्याशेजारच्या पडवीत एका रेषेत उभ्या राहिल्या. एवढी शिस्त आमच्या शाळेच्या संचलनात नव्हती. मी भाषण केलं. सगळे इतके दमले होते की कोणी उठून गेलं नाही.

आत्या तेवढ्यात माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मीठ टाकं का?"

"आत्या, पत्रकात नाहीये!"

"बरं माय. तू शिकेल शे." म्हणजे तू शिकलेली आहेस.

तीन दिवसांनी सकाळी आम्ही चहा पीत होतो. पप्पा पाव बुडवत समाधानाने म्हणाले, "आपल्या पॅकिंगमध्ये पिशवी फुगल्याची एक तक्रार येत नाही. का? कारण प्रत्येक पिशवीला आठ भोकं. हवा खेळती राहते."

मी म्हणाले, "कुठल्या पिशवीला?"

"सगळ्याच. धाग्याच्या असो नाहीतर तुझ्या मुरघासाच्या. नियम म्हणजे नियम."

माझा पाव चहात पडला. तो मी काढलासुद्धा नाही.

"पप्पा! हवाबंद! हवाबंद म्हणाले होते मी! तीन महिने तेच तर म्हणतेय!"

पप्पांनी कप खाली ठेवला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे उमटत गेलं ते मी कधी विसरणार नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचं पॅकिंग परत आलं होतं. ते इतकंच म्हणाले, "हाताने आपोआप होतं गं. पिशवी बांधली की हात टोच्याकडे जातोच."

एक्केचाळीस गुणिले आठ, तीनशे अठ्ठावीस. मी शाळेला दांडी मारली आणि पप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा शिफ्ट बदलून घेतली. वासंतीकाकू, गजाननकाका, मम्मी, आत्या, सगळे खाकी चिकटपट्टीची रिळं घेऊन खेरडीला. पिशव्यांच्या जवळ गेलं की आंबूस वास येत होता आणि चिलटं घोंगावत होती. आत्याने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण बघा हं, पप्पांच्या चुकीतसुद्धा एक दर्जा होता. त्यांनी भोकं मारली होती ती अगदी मापात. "वरून चार बोटं, कडेपासून तीन, मग एक वीत खाली," असं ते म्हणत जात आणि आम्ही डोळे मिटून पट्टी लावली तरी बरोबर भोकावर बसे. पिशवी दाबून आतली हवा काढायची, पट्टी लावायची, वरून दुसरी. चार तासांत तीनशे चार भोकं बंद. राहिल्या तीन पिशव्या. त्या दिवशी पप्पा चहाला गेले असताना गजाननकाकांनी उत्साहाने त्या बांधल्या होत्या आणि पप्पांचं बघून भोकंही पाडली होती, मन मानेल तिथे. काका म्हणाले, "प्रत्येकी आठच पाडलीत, शपथेवर सांगतो." आम्हाला बावीस सापडली. चोविसातली दोन आजतागायत फरार आहेत.

पुढचे दिवस कसे काढले ते विचारू नका. पंचेचाळीस दिवस पिशवी उघडायची नाही. रोज कोणी ना कोणी विचारायचं, "एकच उघडून बघू या का?" मी पडवीला दोरी बांधली. आत्या रोज तिथे जायची, दोरीच्या अलीकडे उभी राहायची, वास घ्यायची आणि परत यायची. मी विचारलं, "काय वाटतं?" ती म्हणायची, "कैरीना वास ई राहिना." मला कळायचं नाही की कैरीचा वास येणं चांगलं की वाईट. पत्रकात कैरीबद्दल काही नव्हतं. फेब्रुवारीच्या शेवटी आत्याने तिची पत्र्याची पेटी पलंगाखालून काढून पुसून ठेवली. नुसती पुसली, असं मम्मी मला सांगत होती. पण दुसऱ्या दिवशी आत्याची दोन लुगडी दोरीवर नव्हती.

होळीच्या आदल्या दिवशी गोकुळकाका टेम्पो घेऊन हजर. मी परीक्षेचा पेपर देऊन थेट खेरडीला गेले. नलिनी टीचरही आल्या होत्या, मीच बोलावलं होतं. तेव्हा मला खात्री होती ना. मी सोहळ्याची तयारी केली होती: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातला पांढरा ट्रे, त्याला झेंडूचा हार, बाजूला उदबत्त्या, हळदकुंकू. लॉट नंबर एक पप्पांनी स्वतः उघडली. आतला चारा पिवळसर हिरवा, ओलसर, आणि वास खरंच कैरीसारखा आंबटगोड. नलिनी टीचर म्हणाल्या, "रोहिणी, उत्तम झालाय गं!" मी ट्रे भरला, दोन्ही हातांत धरला आणि हरणीसमोर गेले.

हरणीने ट्रेकडे बघितलं. हाराकडे बघितलं. उदबत्तीचा धूर नाकात गेला तशी ती इतक्या जोरात फुरफुरली की मुरघास माझ्या गणवेशावर, हळदकुंकू नलिनी टीचरच्या साडीवर. मग तिने मान फिरवली.

मी परत ट्रे भरला. तिने परत मान फिरवली. तिसऱ्यांदा तिने ट्रेला पाठच केली.

वासंतीकाकू हळूच म्हणाल्या, "कणसं खाऊन टाकली तेच बरं झालं म्हणायचं." गजाननकाकांनी त्यांना गप्प केलं. पप्पा स्टिकर वाचत होते, जणू त्यात काही चुकलंय.

गोकुळकाका वाईट नाहीत. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू केलं तेवढं कोणी नाही केलं बेटा. चल अक्का, ऊन वाढायच्या आत निघू." आत्या पेटी घेऊन आलीच होती. रिक्षातून, सकाळी, मी परीक्षेत असताना. ती पेटी बघितल्यावर मला जे बोलायचं होतं त्यातलं काही सुचेना. मला! मला सुचेना!

पेटी टेम्पोत ठेवली आणि हरणीला टेम्पोकडे नेलं. फळी लावली. हरणी फळीपाशी आली आणि थांबली. काका ओढत होते, बारकूदादा मागून ढकलत होते, गजाननकाका "एक, दोन, तीन" म्हणत होते. हरणी एक बोट पुढे सरकली नाही. पहिल्यांदा तिला टेम्पोत घातलं होतं तेव्हा पाऊण तास लागला होता म्हणे.

काका घाम पुसत म्हणाले, "काहीतरी खायला दाखवा रे तिला. पेंढा, पाला, काय असेल ते." जवळ होती ती उघडी पिशवी. काकांनी दोन्ही ओंजळी भरून मुरघास टेम्पोत पसरला, फळीवर थोडा टाकला, आणि पिशवीच आत ठेवली.

हरणीने फळीवरचा वास घेतला. जीभ बाहेर आली. एक घास. मग दुसरा. मग ती फळी चढली, स्वतःहून, कोणी न ओढता, आणि टेम्पोत तोंड खुपसून खायला लागली. असा आवाज करत की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

क्षणभर कोणालाच कळलं नाही की काय झालं. मग बारकूदादांनी टोपी काढली, पण आत न बघता हवेत उडवली. "खाल्ली रं! खाल्ली!"

"पप्पा, खाते ती!" मी ओरडले. माइक नव्हता, तरी आवाज कालव्यापलीकडून परत आला. "होळीपर्यंत तयार झाला आणि खाल्ला! तुम्ही म्हणाला होतात!"

पप्पांनी गोकुळकाकांकडे बघितलं. काका टेम्पोच्या कडेला टेकून हसत होते. ते म्हणाले, "भाऊ, ती तुझी. कम्प्युटरमध्येही तुझी, आता तर पोटानेही तुझी. फक्त मला एक सांगा, ही आता खाली कशी यायची?"

कारण हरणी खाली यायला तयार नव्हती. पिशवी संपेपर्यंत तर नाहीच. शेवटी लॉट नंबर दोन उघडली, फळीच्या खाली गोठ्यापर्यंत ढीग मांडत नेले आणि हरणी एकेक ढीग साफ करत उतरली. मी आत्याचा हात धरला होता. ती हरणीला शिव्या देत होती. आत्या फक्त आनंदात शिव्या देते. पेटी टेम्पोतून खाली उतरवायची आठवण मम्मीने केली आणि उतरवलीही तिनेच.

काका रिकाम्या हाताने जाऊ नयेत म्हणून पप्पांनी त्यांना चार पिशव्या दिल्या. गजाननकाकांच्या तीन पिशव्यांपैकी एकही द्यायची नाही असं ठरलं. त्या उघडल्या तर आत बुरशीची पांढरी दाढी होती. गजाननकाका म्हणाले, "प्रयोगात असं एखादं नमुन्याला लागतंच," आणि चष्मा पुसत बसले.

मी गोठ्याच्या दाराला टेकले. हरणी ढिगांवरून येता येता तिथेच अंग घासत होती आणि तिच्या पाठीने माझं पत्रक एका कोपऱ्यातून सुटलं होतं. माझ्या नावाचा, "प्रकल्पप्रमुख"चा कोपरा. स्केचपेनच्या खाली छापलेली ती बारीक ओळ आता उजेडात दिसत होती: "कृपया मागे पाहा".

मी पत्रक उलटलं. मागे पूर्ण पान होतं. मी ते वाचलं आणि दाराकडे तोंड करून तशीच उभी राहिले.

"काय लिव्हेल शे?" आत्याने विचारलं.

मला वाटलं सांगू या की काही नाही, छापखान्याचा पत्ता आहे. आत्याला वाचता येत नाही. कोणाला कळलं नसतं. पण तिची पेटी मम्मीच्या पायाशी उभी होती आणि त्या पेटीसमोर मला खोटं बोलवेना.

मी घसा साफ केला. सगळे वळले. टीचर, पप्पा, काका, वासंतीकाकू, बारकूदादा. माझं आजवरचं सगळ्यात लहान भाषण झालं ते.

"मीठ," मी वाचलं. "शंभर किलोला एक किलो. थरावर भुरभुरावे."

आत्याने हरणीच्या समोरून चिमूटभर मुरघास उचलला, दोन बोटांत चुरला, नाकाशी नेला आणि जिभेच्या टोकाला लावला.

"बाकी झकास शे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी मीठ मी टाकसू. आन् भाषण तू दे."